रनाळ्याच्या कपाशीत स्कॉटलंड

इंद्रसिंग बापू सकाळीच मगन आबांच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"मगन भाऊ, हाई काय चालू शे? मन्ही कपाशी फुटीसन पांढरीफेक पडेल शे, आनि मन्ह्या बाया तुन्हा वावरमा! मजुरी सारखीच. च्या मी दोनदा देस, तू एकदा देस. मंग काय जादू शे तुन्हा वावरमा?"

मगन आबांनी घसा खाकरला. खरं कारण सांगायची त्यांना थोडी लाजच वाटत होती. पण बापू शेजारी, बांधाला बांध लागलेला. सांगणं भाग होतं.

"जादू नही, बापू. मन्ही सून शे. ती बायास्ले इतिहास सांगी ऱ्हायनी."

"इतिहास? कोन्हा?"

"स्कॉटलंडना," आबा म्हणाले, आणि पटकन आत वळून ओरडले, "च्या आना व!"

आत चुलीजवळ ममता तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. तिची सासू कौसाबाई तिच्याकडे रागाने बघत होती, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

ममता शहाद्याची. एसटी स्टँडसमोर तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. इतिहास घेऊन ती बी.ए. झाली आणि हट्टाने एम.ए.लाही बसली. तिथे युरोपच्या पेपरसाठी प्रत्येकाला एकेक विषय घेऊन निबंध लिहायचा होता. विषय वाटले त्या दिवशी ममता तापाने घरी. दुसऱ्या दिवशी गेली तर चांगले विषय संपलेले. नेपोलियन गेला, फ्रान्सची क्रांती गेली, हिटलर तर दोघांनी घेतला. उरला एकच: स्कॉटलंड, सोळाशे ऐंशीचं दशक. ती दिवसभर धुसफुसत राहिली. मग वाचनालयात त्या विषयावरचं जाड पुस्तक उघडलं, आणि संध्याकाळी शिपायाने दिवे मालवले तेव्हा कुठे तिने मान वर केली. घोडेस्वार, डोंगरातली गुपचूप प्रार्थना, मुखवटा घालून फिरणारा धर्मोपदेशक! असं काही आपल्याला आजवर कुणी सांगितलंच कसं नाही, असं तिला झालं. पुढचे चार महिने घरात कुणीही भेटो, ती त्याला स्कॉटलंड ऐकवायची.

निबंध झाला, पण एम.ए. झालं नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी रनाळ्याचं स्थळ आलं. मुलगा नवनीत शहाद्यालाच नोकरीला, स्वभावाने गरीब, घरची शेती. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. लग्न झालं, मुलगी झाली, आणि आठ वर्षं कशी गेली ते कळलंही नाही. स्कॉटलंड मनात कुठेतरी घडी घालून ठेवलेला राहिला.

यंदा दिवाळीनंतर कौसाबाईचे गुडघे धरले. कापूस वेचणीवर लक्ष ठेवायला दरवर्षी ती जायची. यंदा सुनेला पाठवलं. वेचणीला दोन प्रकारच्या बाया होत्या. एक गावातल्याच, भिकुबाईच्या टोळीतल्या. भिकुबाई साठीची, आवाज असा की बैलसुद्धा थांबावा. दुसऱ्या सातपुड्यातून हंगामापुरत्या उतरलेल्या पाच-सहा जणी. त्या वावरातल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या. त्यांच्यात दिवलीबाई होती, थेट मणिबेलीची, नर्मदेच्या काठची. सगळ्यांत भराभर वेचणारी आणि सगळ्यांत कमी बोलणारी.

कुणीतरी मोबाइलला जोडायचा छोटा स्पीकर आणायचं, दिवसभर गाणी वाजायची. एका सकाळी तो बंद पडला. तासाभरात बायांची आपसात जुंपली. कोण कुणाच्या ओळीत घुसली, कुणी कुणाची पाण्याची बाटली तोंडाला लावली. शेवटी भिकुबाईच ओरडली, "चूप ऱ्हा व! वहिनी, तू इतली शिकेल शे. काही तरी सांग ना!"

"काय सांगू, भिकुमाय?"

"काही बी सांग. पन खरं सांग. राजाराणीनं नको."

ममता गोंधळली. मग एकाएकी तिच्या तोंडून निघालं, "राजाचंच आहे, पण खरं आहे. तीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंड नावाच्या देशात राजाने फर्मान काढलं, की देवाची प्रार्थना कशी करायची आणि ती कुणी सांगायची, हे मी ठरवणार."

"हाई पुस्तकनी भाषा नको," भिकुबाई म्हणाली. "आपली भाषा बोल."

ममताने एक श्वास घेतला आणि अहिराणी मिसळत सुरू केलं. आजवर हा विषय ती अहिराणीत कधी बोलली नव्हती. आणि काय झालं कोण जाणे, आठ वर्षं घडीत पडलेली ती माणसं उठून पळायलाच लागली. राजाला नको असलेले जवळजवळ तीनशे धर्मोपदेशक आपापल्या देवळांतून बाहेर पडले. गावोगावचे लोक त्यांच्या मागून डोंगरात गेले. उघड्या माळावर, पावसात, बर्फात प्रार्थना व्हायची. चार टेकड्यांवर चार जण पहारा करायचे, कारण अशा प्रार्थनेत उपदेश करताना सापडला तर त्याला मरणाची शिक्षा.

"राजाले काय करनं व्हतं व?" एक जण चिडून म्हणाली. "देव काय त्यान्हा बापना शे?"

"तेच तर ते लोक म्हणत होते!" ममता ओरडली, आणि आपण ओरडलो हे लक्षात येऊन स्वतःच दचकली.

दुपारी भाकरी सोडायला बसल्या तेव्हा बाया म्हणाल्या, पुढे सांग. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना म्हणाल्या, पुढे सांग. दुसऱ्या दिवशी भिकुबाईची टोळी उजाडायच्या आत वावरात हजर. मगन आबा अजून दात घासत होते.

मग रोज तेच सुरू झालं. ममता ओळीच्या मधोमध चालायची, स्वतःही वेचायची आणि सांगायची. लांबच्या ओळींतल्यांना ऐकू येईना, म्हणून सगळ्या जणी तिच्या आजूबाजूच्या ओळींत दाटल्या. मुखवटेवाल्याची गोष्ट आली तेव्हा तर कहर झाला. पेडन नावाचा हा धर्मोपदेशक गुहांमधून, गुराख्यांच्या झोपड्यांमधून फिरायचा. ओळखू येऊ नये म्हणून कापडाचा मुखवटा घालायचा; त्याला दाढी, केस आणि लाकडाचे दात. "तो मुखवटा अजून तिकडच्या संग्रहालयात आहे," असं म्हणून ममताने मोबाइलवर त्याचा फोटो शोधून दाखवला. बाया किंचाळल्या. "माय व! हाऊ तं भूत शे!" मोबाइल हातोहात फिरला. कापसाच्या झोळ्या तशाच जमिनीवर पडल्या.

पुढे एकदा पेडन आणि त्याचे लोक उघड्या डोंगरावर सापडले. मागे घोडेस्वार. लपायला झाड नाही, दगड नाही. घोडे इतके जवळ की टापा ऐकू येतात.

"मंग? मंग?" भिकुबाई.

"मग पेडन गुडघ्यावर बसला आणि देवाला म्हणाला, तुझ्या पांघरुणाचं एक टोक आमच्यावर टाक."

कुणी वेचत नव्हतं. हातात बोंड धरून सगळ्या उभ्या.

"आणि असं सांगतात, की डोंगरावरून धुकं उतरलं. इतकं दाट, की घोडेस्वारांना स्वतःच्या घोड्याचे कान दिसेनात!"

भिकुबाईने हातातला कापूस हवेत उधळला. टोळीतल्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात बांधावरून मगन आबांचा आवाज आला, "व बाया! कापूस वेची ऱ्हायन्यात का उधळी ऱ्हायन्यात?"

वेचणी किलोवर असते. हात थांबले तर नुकसान बायांचंच. पण त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. संध्याकाळी काटा हलका दिसला तशी ममता घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने नियमच केला: हात थांबला की गोष्ट थांबली. एखादी रेंगाळली तर बाकीच्याच तिच्यावर ओरडायच्या, "वेच व, वेच! तो मरी जाई तठे!" आठवड्याभरात मगन आबांच्या वावरातली वेचणी गावात सगळ्यांच्या पुढे गेली. आणि मग, एकेक करत, इंद्रसिंग बापूंच्या बाया बांध ओलांडायला लागल्या.

तर बापू ओट्यावर चहा पिऊन गेले ते थेट वावरात. बांधावर उभे राहून म्हणाले, "मी फक्त देखाले येल शे. तुमनं चालू द्या." हात पाठीमागे, मिशीला पीळ. ममताला आधी अवघडल्यासारखं झालं. पण तिथे गोष्ट अशी येऊन ठेपली होती की थांबता येईना. सोळाशे ऐंशीनंतर धरपकड वाढत गेली होती. आता नवी शपथ निघाली होती. रस्त्यात, शेतात, दारात कुणालाही उभं करायचं आणि विचारायचं: राजाच्या विरोधात बोलणाऱ्यांना नाकारतोस की नाही? नाकारतो म्हणाला तर सोडायचं. नाही म्हणाला, तर तिथल्या तिथे गोळी. जॉन ब्राउन नावाचा एक साधा शेतकरी, ओझ्याचे घोडे हाकणारा. सकाळी शेतात पीट कापत होता. पीट म्हणजे तिकडचं जळण, मातीच्या विटांसारखं. तिथून धरून त्याला घरी आणलं. दारात बायको, कडेवर लेकरू.

"इचारं त्याले?" बांधावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. इंद्रसिंग बापू बांधावर उकिडवे बसले होते.

"विचारलं," ममता म्हणाली.

"मंग काय सांगं त्यानी?"

"नाही म्हणाला."

बापूंनी डोक्यावरची टोपी काढली. मग उठून धोतर झटकलं आणि म्हणाले, "मन्ह्या बाया सकायपाशी मन्हा वावरमा येतीन. आनि वहिनी, तुम्ही बी या. एक दिवस आठे, एक दिवस तठे. मगन भाऊले मी सांगस."

असं ममताचं स्कॉटलंड दोन वावरांत पसरलं.

या सगळ्यात ममताला स्वतःचंच नवल वाटत होतं. सकाळी पोळ्या लाटताना तिचे ओठ हलायचे. विहिरीवर मोटर चालू करायला गेली तरी मनात टापा वाजायच्या. संध्याकाळी नवनीत बसमधून उतरून घरी आला की ती त्याच्या मोबाइलवर वाचत बसायची. उद्याचं तपासून घ्यायचं असायचं, तारीख चुकायला नको, नाव चुकायला नको. नवनीत एकदा म्हणाला, "अगं, त्यांना तारीख कुठे कळते?" ती फणकारली, "मला कळते ना!" दुसऱ्या दिवशी तिच्या फोनमध्ये जास्तीचा डेटा भरून आला.

पण एक गोष्ट तिला टोचत होती. गोष्ट सोळाशे पंच्याऐंशी सालात आली होती, आणि त्या सालात दोन मार्गारेट होत्या.

"आत्या," एका संध्याकाळी ती भाकरी थापता थापता कौसाबाईला म्हणाली, "उद्या ज्या दोघींची गोष्ट आहे, त्या मरतात. फार वाईट मरतात. बायांना इतका आनंद वाटतोय गोष्टीचा. शेवट बदलून टाकू का?"

कौसाबाई गुडघ्याला तेल चोळत होती. वावरात येत नसली तरी तिला सगळं ठाऊक होतं. भिकुबाई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तिला इत्थंभूत सांगून जायची.

"पहिल्या दिवशी तू काय बोलनी व्हती? खरी शे म्हने."

"हो."

"मंग?"

दुसऱ्या दिवशी ममताने सांगितलं. एक मार्गारेट साठी ओलांडलेली, विधवा. दुसरी अठरा वर्षांची. दोघींना शपथ घ्या म्हटलं, दोघींनी नाही म्हटलं. शिक्षा ठरली: समुद्राच्या खाडीत खांब रोवायचे, दोघींना बांधायचं आणि भरतीची वाट बघायची.

"भरती म्हणजे?" एकीने विचारलं. रनाळ्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. तापीला पूर आलेला पाहिला होता, पण पूर धावत येतो.

ममता शब्द शोधायला लागली. चंद्र, ओढ, लाटा... पुस्तकातलं सगळं आठवत होतं, पण वावरात ते उभं राहीना.

"पाणी आवाज नाय करत," दिवलीबाई म्हणाली.

हंगामभरात पहिल्यांदा ती आपणहून बोलली. ती घरी भिली बोलायची. मराठी शिकली होती मोर्चांत आणि सभांत, पोरवयात. झोळी खाली ठेवून ती दोन ओळींच्या मधे आली.

"आमच्याकडे धरणाचं पाणी तसंच आलं. धावत नाय येत. सकाळी चुलीपासून लांब होतं. दुपारी चुलीत." तिने हात घोट्याशी धरला. "आम्ही उभे राहिलो. बाप म्हणाला, घर सोडायचं नाय. इथे आलं." हात गुडघ्याशी. "इथे." कमरेशी. "मी इतकी होती. मला इथे आलं." तिने हनुवटीला बोट लावलं. "मग पोलिसांनी उचलून वर नेलं आम्हाला. घर गेलं. देव गेले. माझ्या आजाचं झाड गेलं."

तिने खाली ठेवलेली झोळी पुन्हा खांद्याला अडकवली.

"तुझ्या त्या बाईला कुणी नेलं नाय वर?" तिने ममताला विचारलं.

"नाही," ममता म्हणाली. "म्हातारीला पुढे बांधली, खोल पाण्यात. म्हणजे ती बुडताना बघून पोर घाबरेल आणि शपथ घेईल. म्हातारी गेली. लोकांनी पोरीला हाका मारल्या, म्हण गं, म्हण! तिला पाण्यातून वर काढून पुन्हा विचारलं. ती नाही म्हणाली. आणि ऐका, राजधानीत त्याआधीच कागद निघाला होता. दोघींची शिक्षा थांबवा म्हणून!"

"काय?" बाया एकदम उसळल्या.

"निघाला होता! एप्रिलच्या शेवटी. त्या बुडाल्या मे महिन्यात."

"मंग तो कागद कोठे गया?"

"कुणालाच ठाऊक नाही."

मग जो गदारोळ उठला तो वावराच्या पलीकडे रस्त्यापर्यंत ऐकू गेला. वरून हुकूम निघतो आणि खाली येत नाही म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. प्रत्येकीकडे त्याची स्वतःची गोष्ट होती, आणि सगळ्या एकाच वेळी सांगत होत्या. त्यातच भिकुबाईने दुसरा वाद पेटवला. "दोन शब्द तं व्हतात! बोली टाकता! मन्ही आंडेर, मन्ही पोर राहती तं मी तिना तोंडमातून काढी लेती!"

"आणि मग?" दिवलीबाई म्हणाली. "मग घरी जाऊन जेवली असती?"

"हां, जेवती! जित्ती राहती!"

"माझा बाप नाय जेवला असता."

दोन बाजू पडल्या. पोरी म्हाताऱ्यांशी भांडायला लागल्या. इंद्रसिंग बापू त्यांच्या वावरातून धावत आले, साप निघाला असं वाटून. आणि काय झालं ते कळल्यावर तेही भिकुबाईच्या बाजूने भांडायला लागले. मगन आबा काट्यापाशी कपाळाला हात लावून बसले. ममता मधे उभी राहून दोन्हीकडे बघत होती. वर्गात तिने हा निबंध वाचून दाखवला होता, तेव्हा चार मुलं जांभया देत होती. इथे तीस माणसं तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पोरीसाठी तावातावाने भांडत होती.

आवाज थोडा खाली आल्यावर तिने उरलेलंही सांगितलं. "काही इतिहासकार म्हणतात, त्या बुडाल्याच नाहीत. कागद पोहोचला आणि सुटल्या. पण त्या गावात देवळाच्या आवारात दोघींच्या कबरी आहेत, आणि गावाने आठवण ठेवली आहे की बुडाल्या."

"आनि तुले काय वाटस?" भिकुबाईने विचारलं.

ममताला वाटत काय होतं? तिने कधी ठरवलंच नव्हतं. निबंधात तिने पुस्तकातल्या दोन्ही बाजू लिहून दिल्या होत्या. "मला अजून वाचावं लागेल," ती म्हणाली. आणि असं म्हणताना छातीत काहीतरी धडधडलं, परीक्षेच्या दिवशी धडधडायचं तसं.

फेब्रुवारी संपत आला. शेवटची वेचणी झाली. सातपुड्यातल्या बायांना होळीला घरी पोहोचायचं होतं. न्यायला पिकअप आली. गोष्ट मात्र संपली नव्हती. राजा अजून गादीवर होता. भांडीकुंडी, गाठोडी, कोंबड्या गाडीत चढल्या, पण दिवलीबाई चढेना.

"राजाचं काय झालं?"

"अजून बरंच आहे," ममता म्हणाली. "फोनवर सांगेन."

"फोन नाय लागत आमच्याकडे. आत्ता सांग."

ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. त्याला दिवस मावळायच्या आत मोलगी गाठायची होती. बाया खालीच उभ्या. ममताने एकदा घराच्या दिशेने बघितलं, एकदा गाडीकडे. मग साडीचा पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि मागच्या फळीवरून आत उडी घेतली.

"चला!"

"व ममता!" कौसाबाई ओट्यावरून ओरडली. "कोठे चालनी व?"

"राजाला पळवून येते, आत्या!"

गाडी सुटली. वारा असा की बोललेलं तोंडातच परत जावं. ममता एका हाताने दोरी धरून उभी, सातपुड्याच्या बाया तिच्याभोवती कोंडाळं करून, मधे कोंबड्यांची टोपली. तिने घसा फोडून सांगायला सुरुवात केली. ज्याच्या राज्यात मार्गारेट बुडाली तो राजा जेम्स. त्याच्यावर फौज घेऊन समुद्रापलीकडून कोण चालून आला? त्याचा स्वतःचा जावई!

"जावई?" बाया किंचाळल्या.

"सख्खा जावई! आणि पोरगी नवऱ्याच्या बाजूने!"

नंदुरबार मागे पडलं. हातोड्याच्या पुलावर तापीचं पाणी खाली चमकत होतं तेव्हा राजा नावेत बसून पळत होता. राज्याची मोहोर त्याने थेम्स नदीत फेकली, की नव्या राजाला हुकूम काढता येऊ नये. पुढे किनाऱ्यावर त्याला पकडलं कुणी? शिपायांनी नाही, सरदारांनी नाही. "कोळ्यांनी! मासे मारणाऱ्या कोळ्यांनी! त्यांना वाटलं कुणी तरी पळपुटा पाद्री आहे. त्यांनी त्याचे खिसे तपासले, चोळणा झाडून बघितला!"

हसून हसून बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "कोणाचा चोळणा? पुन्हा सांगा!" ममताने पुन्हा सांगितलं. या वेळी दिवलीबाई अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

तळोद्याच्या स्टँडवर गाडी थांबली तोवर राजा सुटून फ्रान्सला पोहोचला होता, आणि दोन वर्षांत डोंगरातल्या लोकांना हवी तशी देवळं परत मिळाली होती. ममता उतरली. दिवलीबाईने वरूनच तिचा हात धरला, दोनदा दाबला आणि सोडला. गाडी अक्कलकुव्याच्या रस्त्याला लागली.

ममताने नवनीतला फोन केला. "मी तळोद्याला आहे."

"तळोद्याला? काय झालं?"

"राजा पळाला. शहाद्याची बस उभी आहे, मी तिकडे येते. संध्याकाळी बरोबर परत जाऊ. आणि ऐका, त्याआधी मी कॉलेजात जाऊन येणार आहे."

नवनीत म्हणाला, "कॉलेज पाचला बंद होतं. पळ."

ती पळाली. केसांत कापसाचे धागे, साडीला कोंबडीचं पीस, बसच्या पायरीवर एक पाय आणि कंडक्टरला "शहादा, एक!"

कॉलेजात तिच्या वेळचे सर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण बाई होत्या. ममताने धापा टाकतच विचारलं, सुटलेलं एम.ए. पुन्हा सुरू करता येईल का? बाईंनी नियम तपासले आणि म्हणाल्या, सगळं नव्याने करावं लागेल, जूनमध्ये या. आणि विषय काय घेणार? ममताने सांगितलं. "का पण हाच?" बाईंनी विचारलं. "दोन गट पडलेत," ममता म्हणाली, "आणि मला अजून माझी बाजू ठरवायची आहे."

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर पापड वाळत घालत होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी नुसता वारा, मग ढोलाचा आवाज, मग दिवलीबाई. ती नावेने वरच्या काठाला आली होती. तिथल्या एका टेकडीवर रेंज यायची.

"मी सांगितली," ती ओरडत होती. "होळीला! सगळ्यांना! भिलीमध्ये!"

"दोघींची?"

"मारगीबाईची! आमच्याकडे तिला मारगीबाई म्हणतात. अर्धा पाडा म्हणतो बोलायला पाहिजे होतं. अर्धा म्हणतो नाय. माझा भाऊ तर माझ्याशी बोलत नाय कालपासून! थांब, तूच ऐक!"

तिने फोन वर धरला असावा. ममताच्या कानात माणसांचा, बायांचा, पोरांचा कल्लोळ भरला. सगळे भांडत होते, भिलीत, जोरजोरात. तिला एक शब्द कळत नव्हता. फक्त मधे मधे ते नाव ऐकू येत होतं, मारगीबाई, मारगीबाई. ती हातात ओला पापड तसाच धरून, कान फोनला लावून, रेंज जाईपर्यंत ऐकत उभी राहिली.